सर्वनाशाची बाटली

१

“मेल्या. सगळ्या मेल्या.”

सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली धाकटी संशोधक एवढंच म्हणाली आणि तशीच बसून राहिली. एरवी या प्रयोगशाळेत पेशी मेल्या की चेहरे खुलायचे. त्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी असायच्या आणि त्यांना मारणारी औषधांची जोडी शोधणं हाच इथला उद्योग होता. पण आज औषधाचा थेंबही न घातलेल्या खळग्यांतल्या पेशीसुद्धा फुटून त्यांचा चिखल झाला होता. औषधाविना मेलेली पेशी कुणालाच काही सांगत नाही.

प्लेट तळहाताएवढी. आडव्या आठ रांगा, उभ्या बारा ओळी. प्रत्येक खळग्यात वरच्या मजल्यावर पडलेल्या एकाच बाईच्या पेशी. ही बाई मुलांना पोहायला शिकवायची. तिचा आजार तिसऱ्यांदा उलटला होता आणि हाडातून पुन्हा पेशी काढून घ्यायला आता तिच्यात त्राण नव्हतं. दोन जोड्यांमध्ये सामना होता. जुनी जोडी म्हणजे लाल औषध, जे दिसायलाही रक्तासारखं लाल, आणि त्याच्या जोडीला पांढरं. नवी जोडी म्हणजे तेच पांढरं आणि एक कडू गोळी. वरच्या रांगेत औषध सगळ्यांत जास्त, खाली उतरत उतरत शेवटच्या रांगेत सगळ्यांत कमी. संध्याकाळी औषध ठरवणारी समिती बसणार होती. प्लेटने कौल दिला नाही तर रिवाजाप्रमाणे जुनीच जोडी सुरू व्हायची.

प्रयोगशाळा चालवणारे सर आले. चार-पाच खळगे पाहिले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हे तुझंच काम. काल शेवटचा हात तुझा होता!”

“मी कशाला मारीन सर? माझी वर्षाची मेहनत आहे यात.”

“मेहनत गाढवही करतं. उचल ती प्लेट, फेक, आणि उद्यापासून येऊ नकोस.”

धाकटीने प्लेट उचलली. तेवढ्यात दारातून आवाज आला, “फेकायची नाही. होती तिथे, उबेच्या कपाटात ठेवा. आणि बाई, तुम्ही उद्या या. परवाही या. मी सांगेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही.”

सरांनी वळून पाहिलं आणि तोंड कडू केलं. कात्री आली होती.

२

कात्री हे तिचं नाव नव्हे, पण खरं नाव आता तिच्या पगारपत्रकातच उरलं होतं. रुग्णालयात काही चोरीला गेलं, बदललं किंवा नाहीसं झालं की विश्वस्त तिला धाडत. ती समोर बसली की माणसाच्या बोलण्याचे तुकडे करायची, म्हणून कात्री. तिलाही कुणी फारसं आवडत नसे, तेव्हा हिशेब बरोबरीचा होता.

“चादरींच्या चोऱ्या पकडणारी बाई आता मला विज्ञान शिकवणार का?” सरांनी विचारलं.

“नाही. चादर काय नि पेशी काय, चोर माणूसच असतो. ही बाटली कसली?”

ओट्यावर एक बाटली होती. तिच्यावर कुणीतरी झोकदार अक्षरांत ‘सर्वनाश’ लिहिलं होतं. धाकटीने खालच्या मानेने सांगितलं, की तो एक प्रकारचा कडक साबण आहे. सगळ्या पेशी मेल्यावर काय दिसतं ते ताडून पाहायला कधीमधी दोनचार खळग्यांत घालतात. नाव तिनेच गमतीने ठेवलं होतं. काल बाटली भरलेली होती, आज तळाला गेली होती.

कात्रीने बेसिनखाली वाकून पाहिलं. तिथे ब्लीचचा भलामोठा डबा होता, अगदी डोळ्यांत भरेल असा. मग तिने उबेच्या कपाटाच्या काचेतून प्लेट पाहिली. पेशी ज्या द्रवात राहतात त्याचा गुलाबीसर रंग जसाच्या तसा होता. ब्लीचने तो उडाला असता. म्हणजे ज्याने हे केलं त्याला नुसत्या पेशी मारायच्या नव्हत्या, वरवर पाहणाऱ्याला कळू न देता मारायच्या होत्या. गमतीच्या नावाची बाटली कोणत्या कामाची, हे त्याला न सांगता समजत होतं.

“दाराला कुलूप?”

“महिनाभर बिघडलंय,” धाकटी म्हणाली. “काल संध्याकाळी आम्ही सगळे खालच्या सभागृहात होतो. दाराला स्टूल लावलं होतं.”

“वा! वाघाच्या पिंजऱ्याला दोरा. सर, तुमच्या खोलीत चला.”

सरांच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक पाटी होती, ‘नवी ओळ, नव्या टिप्स’. पिपेट म्हणजे औषध मोजून सोडायचं यंत्र. त्याला लावायच्या निमुळत्या प्लॅस्टिकच्या नळ्यांना टिप्स म्हणतात. एका ओळीतलं औषध दुसरीत लागू नये म्हणून दर ओळीला त्या बदलायच्या, असा सरांचा दंडक होता. पाटीखाली एक जुना फोटो होता. तरुण सर, शेजारी दाट केसांचा एक किडकिडीत मुलगा, हातात आठतोंडी पिपेट. मुलाचे कान सुपाएवढे होते.

“हा कोण?”

“होता एक. हात सोन्याचा, डोकं मात्र फिरलेलं. माझ्याशी भांडून गेला. पुढचं बोला.” सरांनी पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. “आणि जरा झाकण काढा. अंगठ्यात जोर राहिला नाही. वर्ष झालं, साधी बाटली उघडत नाही.”

“एवढ्या मोठ्या माणसाने पाण्यासाठी तोंड वेंगाडावं म्हणजे कमालच,” कात्री म्हणाली, पण तिने झाकण काढून दिलं. “नवी जोडी जिंकली असती तर कुणाचं नाक कापलं गेलं असतं?”

सर पहिल्यांदाच हसले. हसणं काही चांगलं नव्हतं.

“वरच्या मजल्यावर जाऊन विचारा. जुन्या जोडीवर तिथल्या शहाण्या डॉक्टरचा संसार चाललाय.”

३

वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. बाकाचा पाय डुगडुगत होता आणि तो खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो आवळत होता. पेशाने सुतार. पोहायला शिकवणाऱ्या बाईचा नवरा.

“तुम्ही चौकशीवाल्या ना? प्लेट बिघडली म्हणे.”

“बिघडवली.”

त्याने स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. “कोणी? नुसतं नाव सांगा.”

“नाव कळलं की सांगेन. तोवर हात खिशात ठेवा. बाई कशा आहेत?”

“घाबरलीय. म्हणजे दाखवत नाही, पण घाबरलीय. परवापासून लघवी लाल होतेय. मला वाटलं रक्तच जातंय. डॉक्टर म्हणाले, बीट खाल्लं असेल, तसंच सांगा तिला. मी सांगितलं. पण अहो, ती तर दुधाशिवाय काही घेतच नाही.”

कात्री क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने वॉर्डाचं दार ढकललं.

वॉर्डाचे डॉक्टर टक्कल पडलेले, उंच, आणि घाईत होते. टकलामुळे की काय, कान नको इतके डोळ्यांत भरत होते. त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

“दोन मिनिटं. त्याहून जास्त नाहीत.”

“काल संध्याकाळी कुठे होतात?”

“इथेच. माणसं मरतात हो इथे, खरी माणसं. खाली ताटल्या घेऊन भातुकली चाललीय, तिच्यासाठी मी बाईला ताटकळत ठेवायचं? वाट पाहण्यात माणूस जातं.”

“म्हणजे प्लेट गेली ते बरंच झालं?”

“मी तसं म्हटलं नाही. शब्द तोंडात कोंबू नका. मला त्या खळग्यांतलं ओ की ठो कळत नाही. आयुष्यात कधी हात लावला नाही त्याला. आता संध्याकाळी समिती जुनी जोडी सांगेल, मी ती सुरू करीन, आणि बाई जगली तर तुम्ही सगळे हार घालून घ्यायला पुढे याल. निघा.”

कात्री निघाली. जिन्यावर ती थांबली. या इमारतीत तिच्याशी गोड बोलणारं कुणीच नव्हतं, आणि त्याचं तिला बरंच वाटत होतं. गोड बोलणाऱ्यांनी तिला आजवर जास्त फसवलं होतं. पण आताच्या या माणसाच्या बोलण्यात एक गोष्ट तिला टोचली होती, आणि ती शिवी नव्हती.

४

“बादली आणा,” कात्री म्हणाली.

ओट्याखालची वापरलेल्या टिप्सची बादली काल दुपारीच रिकामी झाली होती. त्यानंतर धाकटीने काम केलं नव्हतं. तरी बादली अर्धी भरलेली होती आणि वर टिप्सचा एक अख्खा डबा रिकामा पडला होता.

कात्रीने हातमोजे चढवले, मोठा कागद पसरला आणि सगळं ओतलं. धाकटी नाक मुरडून उभी राहिली.

“मॅडम, यात काय मिळणार? सगळीकडे साबणच असणार.”

“तुझी नोकरी मिळेल. बस, निवडायला लाग.”

दोघी निवडायला बसल्या. बहुतेक टिप्सच्या आत साबणाचा चिकट पडदा वाळला होता. पण काही अगदी कोऱ्या होत्या, डब्यातून आत्ता काढल्यासारख्या. कोऱ्यांचा ढीग वेगळा झाला. बारा.

“आता गंमत ऐक,” कात्री म्हणाली. “सगळ्या खळग्यांत एकच विष घालायचं होतं. पहिल्या आठ टिप्सनी सगळी प्लेट उरकली असती. या माणसाने दर ओळीला टिप्स बदलल्या. विष घालतानासुद्धा! का?”

धाकटी भिंतीकडे पाहू लागली. सरांची पाटी इथेही होती.

“जित्याची खोड,” कात्री म्हणाली. “हाताला लागलेलं वळण. डोक्यात पाप असलं तरी हात आपले शिस्तीत चालतात. हे वळण तुमच्या सरांनीच कुणालातरी लावलंय. आता ते आठतोंडी यंत्र घे, आणि रोज करतेस तसं साध्या पाण्याने मला करून दाखव.”

धाकटीने पिपेट उचललं, डब्यावर दाबलं आणि उचललं. सातच टिप्स. प्लेटच्या सात रांगांत पाणी सोडलं, मग बाजूचं लहान पिपेट घेऊन आठव्या रांगेत वेगळं सोडलं. हे सगळं तिने इतक्या सहज केलं की तिला स्वतःलाही काही वेगळं केल्यासारखं वाटलं नाही.

“आठवी टिप का नाही लावलीस?”

“ते तोंड ओढतच नाही ना. उन्हाळ्यात पिपेट पडलं होतं. टिप बसते, पण आत काही येत नाही. नवीन मागवून मागवून मी थक...” धाकटी मध्येच थांबली. कागदावरच्या कोऱ्या टिप्सकडे तिची नजर गेली आणि तिने पिपेट खाली ठेवलं. “मॅडम! बारा ओळी. दर वेळी एक कोरी.”

“सकाळी तू शेवटची रांग पाहिली होतीस?”

“नाही. वरचेच खळगे पाहिले. बिनऔषधाचे मेलेले दिसल्यावर पुढे पाहणार काय? सरांनीही तेवढेच पाहिले.”

दोघी एकदमच उबेच्या कपाटाकडे वळल्या. धाकटीने प्लेट काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, अगदी खालच्या काठापर्यंत नेली, आणि तिच्या तोंडून हुंदकाच फुटला.

“जिवंत आहेत.”

५

जिवंत पेशी निळ्या रंगाला गुलाबी करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. धाकटीने शेवटच्या रांगेत निळा रंग घातला आणि प्लेट उबेत ठेवली. रंग चढायला दुपार जायची होती. तेवढ्या वेळात कात्रीने नर्सच्या खोलीत एक फेरी मारली, दोन प्रश्न विचारले आणि समितीच्या आधी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं. सुतार बोलावलेला नव्हता, पण तो आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

“आटपा,” वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले.

“आटपते. ज्याने पेशी मारल्या त्याला ‘सर्वनाश’ बाटलीचं काम माहीत होतं. त्याने दर ओळीला टिप्स बदलल्या, म्हणजे तो सरांच्या हाताखाली शिकलाय. पण पिपेटचं आठवं तोंड मेलंय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून एक रांग वाचली. म्हणजे तो हल्ली इथे काम करत नाही.”

“मग हे सरच!” डॉक्टर म्हणाले. “वर्षानुवर्षं हात लावला नाहीये त्यांनी.”

“सरांच्याने पाण्याची बाटली उघडत नाही. ते पिपेट अंगठ्याने दाबावं लागतं, तेही बारा वेळा. सरांच्या जिभेत जोर आहे, अंगठ्यात नाही.”

सरांनी अंगठा मुठीत लपवला.

“मग ती पोरगी. मुद्दाम एक रांग सोडली असेल संशय टाळायला.”

“मुद्दाम सोडली असती, तर सकाळी ती ‘सगळ्या मेल्या’ म्हणाली नसती, आणि प्लेट फेकायला उचललीही नसती. रांग वाचलीय हे तिला माझ्याबरोबरच कळलं. आणि मुळात त्या मेलेल्या तोंडाला ती टिप लावतच नाही.” कात्री उठली आणि भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला. “डॉक्टर, तुम्ही म्हणालात, आयुष्यात कधी हात लावला नाही. केस जातात हो माणसाचे. कान कुठे जातात?”

सरांनी फोटोकडे पाहिलंच नाही, ते डॉक्टरांकडे पाहत होते.

“मी सकाळीच ओळखायला हवं होतं,” सर हळू म्हणाले. “दर ओळीला नव्या टिप्स. मीच शिकवलं तुला.”

“शिकलो होतो इथे. मग? त्याने काय सिद्ध होतं?” डॉक्टरांचा आवाज चढला. “मी कशाला पेशी मारीन? प्लेटने काहीही सांगितलं तरी माझं काय जाणार होतं?”

“काहीच नाही,” कात्री म्हणाली, “जर तुम्ही थांबला असतात तर.” ती दाराकडे वळली. “सुतारभाऊ, बाईंची लघवी कधीपासून लाल होतेय?”

सुताराला प्रश्न कळला, पण तो का विचारला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

“लाल औषध,” तो म्हणाला. “ते लघवीतून उतरतं?”

“उतरतं. बीट नव्हतं ते. जुनी जोडी परवापासून सुरू आहे. समितीला न विचारता, तुम्हाला न सांगता, झाकलेल्या पिशवीतून. नर्सना सांगितलं, की परवानगी आलीय. प्लेटने नवी जोडी सांगितली असती, तर परवापासून काय दिलं, कोणी दिलं, हे बाहेर आलं असतं. प्लेट मेली, की जुनी जोडी आपसूक मंजूर. मग कोण पाहतंय दोन दिवस आधी की नंतर?”

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांचे लांब हात गुडघ्यांवर पडले.

“मी तिला वाचवायला गेलो,” ते म्हणाले. “तुमची समिती चहा पीत बसली होती. ती रोज खचत होती. माझ्या डोळ्यांदेखत.”

“तिथवर मी तुमची बाजू घेतली असती. मग खाली येऊन तिच्या पेशी का मारल्या?”

डॉक्टरांनी टेबलावरचा फोटो उलटा करून ठेवला.

६

धाकटी प्लेट घेऊन आत आली. चालताना ती श्वासही जपून घेत होती. तिने प्लेट टेबलावर ठेवली आणि सगळे पुढे झुकले, डॉक्टरसुद्धा.

शेवटच्या रांगेत बारा खळगे. औषध सगळ्यांत कमी. बिनऔषधाचे दोन गुलाबी. एकेकट्या औषधांचे सहा गुलाबी. जुन्या जोडीचे दोन बिनऔषधाच्या खळग्यांइतकेच लख्ख गुलाबी. आणि नव्या जोडीचे दोन निळेच राहिले होते.

“एवढ्याशा औषधातही,” सर पुटपुटले. मग धाकटीकडे न बघता म्हणाले, “एकच रांग आहे. पण कौल स्पष्ट आहे. उद्या वेळेवर ये.” त्यांच्या तोंडची ती क्षमायाचना होती, आणि धाकटीने ती तितक्याच कोरडेपणाने घेतली.

“म्हणजे तिचा आजार या खळग्यांत जगला, म्हणून आपल्याला कळलं?” सुताराने विचारलं.

“हो.”

“विचित्रच आहे.” तो डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं तो हात उगारणार. त्याने फक्त विचारलं, “जे दिलं ते किती दिलं, हे आत्ता लिहून द्या. पुढचं औषध देणाऱ्याला लागेल. मग तुमच्याकडे बघतो.”

डॉक्टरांनी लिहून दिलं. अक्षर नीट येत नव्हतं, पण त्यांनी दोनदा तपासलं.

समितीने नवी जोडी मंजूर केली. वॉर्डात दुसऱ्या डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी आधी हृदयाची तपासणी केली, कारण लाल औषध हृदयाला बाधतं, आणि मग पांढऱ्या औषधाची पिशवी टांगली. जोडी लागू पडेल की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कात्री दाराशी उभी होती. चौकशी संपली होती, तिला तिथे काम नव्हतं, तरी ती उभी होती.

सुतार बायकोच्या पलंगाजवळ खाली मान घालून बसला.

“ते बीट नव्हतं,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी तुला खोटं सांगितलं. मला वाटलं, तू घाबरशील.”

बाई हसली. ओठ सुकले होते, त्यामुळे हसणं अर्धंच आलं.

“मला माहीत होतं रे. मला बीट आवडतही नाही, आणि इथे दुधाशिवाय मिळतंय काय? जन्मभर पाण्यात पोरांचे चेहरे बघत आले मी. कोण घाबरलंय ते मला लांबून कळतं.” तिने त्याचा हात ओढून घेतला. “तू इतका घाबरला होतास, की मीच म्हटलं, बरं, असू दे बीट.”

सुताराच्या खांद्यांना हुंदक्याने हिसका बसला. कात्रीने कुणाला दिसणार नाही अशा बेताने दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर बसली. बाक आता डुगडुगत नव्हता.